फायबर होडीचा जेलकोट: चरे भरणे आणि तकाकी परत आणणे

फायबरच्या होडीवरचा पांढरा किंवा निळा थर हा रंगाऱ्याने मागाहून चढवलेला रंग असतो, असा समज किनाऱ्यावर आजही सर्रास आढळतो. चरा पडला की हार्डवेअरच्या दुकानातून ऑइल पेंटचा डबा आणून त्यावर ब्रश फिरवण्याची घाई या समजातूनच होते. प्रत्यक्षात हा थर होडीच्या आधी तयार झालेला असतो. होडी घडवताना वॅक्स लावून गुळगुळीत केलेल्या साच्यावर सर्वप्रथम रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा थर फवारतात, तो आळला की त्यावर काचतंतूंची मॅट आणि रेझिन यांचे थर बसवतात, आणि सगळे घट्ट झाल्यावर होडी साच्यातून उचलली की सर्वांत आधी फवारलेला तो थर सर्वांत बाहेर येतो. हाच जेलकोट. साच्याची चकाकी त्याच्या अंगावर उतरलेली असते आणि आतल्या काचतंतूंना पाण्यापासून व उन्हापासून वाचवण्याचे काम तोच करतो.

त्याची जाडी साधारण ४०० ते ६०० मायक्रॉन, म्हणजे ढोबळमानाने अर्धा मिलिमीटर असते. आपल्या बोटाचे नख साधारण एवढेच जाड असते. नख पुन्हा वाढते, जेलकोट मात्र साच्यात जेवढा मिळाला तेवढाच. पुढे सांगितलेल्या प्रत्येक कृतीत ही अर्ध्या मिलिमीटरची शिल्लक ध्यानात ठेवावी, कारण प्रत्येक घासणी आणि प्रत्येक बफिंग (मशीनच्या पॅडने चमकवणे) त्यातूनच खर्च होत असते. म्हणून माझा आग्रह असा आहे की नेहमी सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करावी आणि काम भागले की तिथेच थांबावे.

उदाहरणासाठी मी आमचीच होडी घेतो. देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या भागात पर्यटकांना फिरवणारी ही २२ फुटी फायबर होडी आहे. गेल्या मोसमाच्या शेवटी ओहोटीच्या वेळी धक्क्याला लावताना तिच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, उजवा गाल जांभ्या दगडाच्या कोपऱ्यावर घासला आणि सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा चरा पडला. दोन्ही टोकांना तो उथळ होता, पण मध्ये दोन बोटे लांबीत जेलकोट पूर्ण सुटून आतले काचतंतू दिसत होते. शिवाय दक्षिणेची बाजू, जिच्यावर किनाऱ्यावर उभी असताना दिवसभर ऊन येते, हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी पूड लागावी इतकी फिकी पडली होती. एकाच होडीवर तीन वेगळी दुखणी आणि तिन्हींचे उपचार वेगळे.

वेळ आणि जागा

महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि मालवण परिसरातील पर्यटन होड्याही मेअखेरीपासून पावसाळाभर बंद असतात. त्यामुळे होडी किनाऱ्यावर ओढलेली असते आणि हाताशी वेळही असतो. तरीही जेलकोट भरण्याचे काम पावसाळ्यात काढू नये. पॉलिएस्टर रेझिन नीट घट्ट होण्यासाठी १८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि कोरडी हवा लागते, आणि जुलैत झापांखाली शाकारलेल्या होडीचे अंग दिवसरात्र दमट असते. माझ्या मते भरणीचे काम मेच्या मध्यास, पहिल्या सरींच्या आधी, सकाळी दव वाळल्यावर साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान सावलीत करावे. तकाकीचे काम सप्टेंबरअखेरीस, आच्छादन काढल्यावर केले तरी चालते. तंतू उघडे पडलेला चरा मात्र तसाच ठेवून होडी शाकारू नये, कारण पावसाळाभर तो पाणी पीत राहतो आणि मग तो भाग वाळवणे हेच मोठे काम होऊन बसते.

होडीखाली जुनी ताडपत्री अंथरावी. घासताना निघणारी पूड, पॉलिश लागलेल्या चिंध्या आणि अ‍ॅसिटोन वाळूत किंवा खाडीत जाऊ देऊ नये. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे आणि पर्यटक पाण्याखालचे जे जग पाहायला येतात, त्याच्यावरच आमचे पोट आहे.

धुणे आणि पारख

होडी आधी भरपूर गोड्या पाण्याने धुवावी. वाळलेले मीठ आणि वाळूचे कण अंगावर असताना फडका फिरवला तर तो फडकाच वॉटर पेपरचे काम करतो आणि नवे ओरखडे उठवतो. त्यानंतर सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने धुऊन पुन्हा गोडे पाणी मारावे. पाण्याच्या रेषेवर चढलेला पिवळट-तपकिरी डाग आणि खिळ्या-बोल्टांखाली उतरलेले गंजाचे ओघळ साबणाने जात नाहीत. त्यांना ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचे सौम्य द्रावण हातमोजे घालून लावावे, दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि मुबलक पाण्याने धुऊन टाकावे. हे डाग घासून काढायला जाणारा माणूस डागाबरोबर जेलकोटही घालवतो.

होडी वाळली की पारख करावी. फिक्या पडलेल्या भागावर ओला फडका फिरवून पाहावा. ओले असेतोवर मूळ रंग आणि चमक परत दिसली आणि पाणी उडून गेल्यावर पुन्हा फिकेपणा आला, तर फक्त वरचा पातळ थर उन्हाने आणि हवेने खराब झाला आहे आणि बफिंगने तो निघेल असे समजावे. ओला करूनही भाग फिकाच किंवा ठिपकेदार दिसत असेल, कुठे आतल्या मॅटची नक्षी झळकत असेल, तर जेलकोट संपत आला आहे. अशा ठिकाणी घासणी वाढवून काही मिळत नाही. तो भाग पुढे जेलकोटने किंवा होडीसाठीच्या टिकाऊ दोन घटकी रंगानेच झाकावा लागतो.

चऱ्याची पारख नखाने होते. चऱ्याला आडवे नख फिरवावे. नख अडकत नसेल तर तो ओरखडा रबिंग कंपाउंडने, म्हणजे बारीक घासणाऱ्या पेस्टने, जाईल. नख जरासे अडकत असेल तर बारीक वॉटर पेपरने आणि मग कंपाउंडने तो घालवता येतो, पण चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा जेलकोट खाली आणावा लागेल हे लक्षात घेऊन जपून निर्णय करावा. नख चऱ्यात बसून राहत असेल तर तो भरलाच पाहिजे. आणि तळाशी काचेचे तंतू, पिवळसर-हिरवट पोत किंवा ओलसर गडद रेघ दिसत असेल, तर आधी तंतूंची दुरुस्ती आणि मगच जेलकोट, हा क्रम मोडता येत नाही.

याच वेळी बोटाच्या पेराने किंवा नाण्याने आसपास हलके ठोकून पाहावे. टणक, स्वच्छ आवाज आला तर आतले थर जोडलेले आहेत. पोकळ, बद्द आवाज आला तर मार आतपर्यंत बसला आहे आणि ते काम फायबरच्या कारागिराकडे सोपवावे.

सामान आणि काळजी

जेलकोट, हार्डनर म्हणून वापरला जाणारा एमईकेपी, पॉलिएस्टरला चालणारी रंगाची पेस्ट, घट्टपणा आणणारी एरोसिल पावडर आणि अ‍ॅसिटोन हे सगळे फायबरच्या सामानाच्या दुकानात सुटे मिळते. तिथे साध्या रेझिनबरोबर दोन बाटल्या देण्याची पद्धत आहे, एक जांभळट एक्सिलरेटरची, म्हणजे कोबाल्टची, आणि दुसरी पाण्यासारख्या हार्डनरची. या दोन बाटल्यांतले द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. ते एकत्र आले की क्षणात उष्णता निर्माण होते आणि आग किंवा स्फोट होऊ शकतो. एक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळून घ्यावा आणि हार्डनर सर्वांत शेवटी घालावा. शक्य असेल तर एक्सिलरेटर आधीच घातलेला जेलकोट मागावा, म्हणजे ही जोखीमच राहत नाही. दोन्ही बाटल्या एका पिशवीत घालून दुचाकीच्या डिकीत आणू नयेत, हेही सांगून ठेवतो.

एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून बाटली उघडण्याच्या आधी डोळे झाकणारा गॉगल लावावा आणि बादलीभर स्वच्छ पाणी हाताशी ठेवावे. थेंब गेलाच तर निदान १५ मिनिटे पाण्याने डोळा धूत राहून लगेच दवाखाना गाठावा. रेझिनच्या वासाला, म्हणजे स्टायरिनच्या वाफेला, साधा कापडी मास्क पुरत नाही. कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. जेलकोटचा डबा घेताना त्यावरची तारीख पाहावी. हे सामान काही महिन्यांतच जुने होते आणि पत्र्याच्या शेडमधल्या कोकणी उन्हाळ्यात तर त्याहून लवकर, आणि जुना जेलकोट डब्यातच तारा ओढू लागतो.

चरा उघडणे आणि वाळवणे

घासण्याच्या आधी चऱ्याच्या भोवती वीतभर जागा वॅक्स काढणाऱ्या द्रावणाने किंवा अ‍ॅसिटोनने पुसावी. एका चिंधीने लावावे आणि ते उडून जाण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या चिंधीने टिपून घ्यावे. एकच चिंधी फिरवत राहिल्यास जुने वॅक्स फक्त जागा बदलते. हे आधीच का करायचे, तर न पुसता घासले की वॅक्स पेपरबरोबर चऱ्याच्या आत रगडले जाते आणि नंतर तिथे जेलकोट धरत नाही. भरलेला जेलकोट महिन्याभरात खपलीसारखा निघून येतो तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असते.

मग चऱ्याचे तोंड थोडे रुंद करावे. अरुंद, उभ्या भिंतींच्या चरीत घट्ट जेलकोट तळापर्यंत पोहोचत नाही, खाली हवेचा बुडबुडा राहतो आणि घासताना नेमका तोच उघडा पडतो. त्रिकोणी कानशीच्या टोकाने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरला धार लावून चऱ्याच्या दोन्ही कडा उतरत्या कराव्यात, म्हणजे चर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची होईल. सुटलेल्या, पांढुरक्या पडलेल्या कडा निघून गेल्या पाहिजेत. नंतर ८० किंवा १२० नंबरचा पेपर दुमडून चरीच्या आतून फिरवावा, कारण जेलकोटला धरायला खरखरीत जागा हवी असते. बाहेरच्या चांगल्या जेलकोटवर या पेपरचा एकही ओरखडा उठू नये म्हणून चरीच्या दोन्ही काठांना दोन-तीन मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावावी.

तंतू उघडे पडले होते ती जागा गोड्या पाण्याने पुन्हा धुवावी, कारण आत राहिलेले मीठ हवेतला ओलावा ओढत राहते. मग वाळू द्यावी. किती दिवस, हे जागाच सांगते. पॉलिथिनचा एक चौकोनी तुकडा त्या भागावर चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी आतल्या बाजूने पाण्याचे बारीक थेंब धरले आहेत का ते पाहावे. थेंब असतील तर अजून वाळलेले नाही. आमच्या होडीच्या चऱ्याला मेच्या उन्हात चार दिवस लागले. तीन दिवस सकाळी पॉलिथिनच्या आत धुके दिसत होते, चौथ्या दिवशी ते कोरडे निघाले.

तंतूंपर्यंत गेलेला भाग फक्त जेलकोटने भरू नये. जेलकोटमध्ये तंतू नसतात, त्यामुळे तो जाड भरला की ठिसूळ राहतो आणि पहिल्या लाटेच्या माराने तडकतो. अशा ठिकाणी पॉलिएस्टर किंवा व्हिनिलएस्टर रेझिनमध्ये भिजवलेले मॅटचे लहान तुकडे बसवून, किंवा खड्डा लहान असेल तर त्याच रेझिनमध्ये बारीक कातरलेले काचतंतू कालवून, पृष्ठभागाच्या अर्धा-पाऊण मिलिमीटर खालपर्यंत भराव करावा आणि तो घट्ट झाल्यावर घासून घ्यावा. घरातल्या नळाची गळती थांबवायला वापरतात ती एपॉक्सीची लांबी (पुट्टी) इथे भरण्याचा मोह अनेकांना होतो. ती घट्ट होते, पण तिच्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट भरवशाने धरत नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी हीच चूक केली आणि दिवाळीच्या गर्दीत होडी पुन्हा वर ओढावी लागली.

रंग जुळवणे

पांढरा म्हणजे एकच पांढरा नसतो. दहा वर्षे उन्हात राहिलेला पांढरा थोडा पिवळट, कधी करडा झालेला असतो आणि त्यावर डब्यातला नवा पांढरा ठिगळासारखा उठून दिसतो. म्हणून रंग जुळवण्याच्या आधी चऱ्याशेजारचा हातभर भाग कंपाउंडने बफ करून त्याचा खरा रंग बाहेर काढावा. फिक्या पडलेल्या पृष्ठभागाशी रंग जुळवला तर नंतर होडी चमकवल्यावर भरलेली रेघ वेगळी दिसेल.

हार्डनर न घालता थोड्या पांढऱ्या जेलकोटमध्ये आगपेटीच्या काडीच्या टोकाने पिवळ्या, काळ्या किंवा तपकिरी पेस्टचा अगदी टिपूस घालत जावे. मातकट पिवळा बहुधा लागतोच आणि काळा लागला तर टोकावर जेमतेम दिसेल इतकाच. दर वेळी पूर्ण ढवळून एक ठिपका बफ केलेल्या जागेवर लावावा, दोन पावले मागे जाऊन उजेडात पाहावा आणि अ‍ॅसिटोनने पुसून टाकावा. दुपारच्या उन्हात किंवा निळ्या ताडपत्रीखाली हा निर्णय घेऊ नये. सकाळचा सावलीतला उजेड त्यासाठी सर्वांत चांगला. ठिपका नजरेला हरवला की रंग जमला. या कामात माझा तास-दीड तास जातो आणि तो मला जास्त वाटत नाही.

मिसळणे आणि भरणे

आमच्या चऱ्याला प्रत्यक्षात दोन-तीन ग्रॅम जेलकोट पुरला असता, पण इतक्या थोड्या मालात हार्डनर मोजता येत नाही. म्हणून कमीत कमी २० ग्रॅम जेलकोट सोनाराकडे असतो तशा लहान डिजिटल काट्यावर कागदी कपात मोजून घ्यावा. त्यात एरोसिल घालून तो श्रीखंडाइतका दाट करावा, म्हणजे उभ्या अंगावरून ओघळणार नाही. एरोसिल इतकी हलकी असते की श्वासाबरोबर उडते, तेव्हा मास्क नाकावर असू द्यावा.

हार्डनर जेलकोटच्या वजनाच्या एक ते दोन टक्के घालतात आणि डब्यावर जे प्रमाण दिले असेल तेच पाळावे. २५ अंशांच्या आसपास दीड-पावणेदोन टक्के ठीक, हवा तिशीच्या वर, मेच्या ३२-३३ अंशांवर गेलीच तर एक ते सव्वा टक्का पुरतो. २० ग्रॅमला दीड टक्का म्हणजे ०.३ ग्रॅम, ढोबळमानाने पाव मिलिलिटर. एक मिलिलिटरच्या, सुई काढलेल्या सिरिंजने तो घ्यावा आणि सिरिंज नंतर टाकून द्यावी. लवकर वाळावा म्हणून हार्डनर वाढवला तर जेलकोट पिवळा व ठिसूळ होतो, आणि एक टक्क्याच्या खाली गेले तर तो कायमचा मऊ राहतो. ऊन दाखवून ही चूक सुधारत नाही. हार्डनर घातल्यावर कपाच्या कडा आणि तळ खरवडत पूर्ण एक मिनिट सावकाश ढवळावे. जोरात फेटल्यास हवा मिसळते.

आता हातात दहा-पंधरा मिनिटे आहेत. चर शेवटची एकदा अ‍ॅसिटोनने पुसून अ‍ॅसिटोन उडून जाऊ द्यावे. लांबी भरायच्या लवचीक पत्तीने जेलकोट आधी चरीच्या तळाशी दाबून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हवा पुढे ढकलत भरावा आणि मग वरून एक हात फिरवावा. पॉलिएस्टर घट्ट होताना आकसते, म्हणून भराव पृष्ठभागापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर उंच ठेवावा. सपाट भरला तर दुसऱ्या दिवशी तिथे पन्हळ दिसते आणि सगळे पुन्हा करावे लागते. टेप जेलकोट ओला असतानाच काढावी.

साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकट राहतो, कारण हवेतला प्राणवायू वरच्या पापुद्र्याला घट्ट होऊ देत नाही. साच्यात ही अडचण येत नाही, दुरुस्तीत येते. त्यावर तीन उपाय आहेत. मिश्रणात दुकानात मिळणारे वॅक्स सोल्यूशन घालता येते, किंवा जेलकोट आळल्यावर त्यावर साच्यांसाठी वापरतात तो पीव्हीएचा पातळ थर ब्रशने लावता येतो. लहान चऱ्याला मला तिसरा उपाय आवडतो. ओएचपी शीट म्हणून स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा पारदर्शक पॉलिएस्टरचा ताव चऱ्यापेक्षा दोन बोटे मोठा कापावा, एका बाजूने टेपने अडकवावा आणि ओल्या जेलकोटवर हलक्या हाताने, बुडबुडे एका दिशेने बाहेर काढत बसवावा. हवा लागत नाही आणि वरचा भाग काचेसारखा निघतो.

कपात उरलेल्या मालाकडे लक्ष ठेवावे. काही मिनिटांत तो काडीला खरवसासारखा तुटू लागतो, आणि होडीवरचा जेलकोटही तेव्हा आळत असतो. पुढे कप चांगला गरम होतो. तो कचऱ्याच्या पिशवीत न टाकता पाण्याच्या बादलीत किंवा ओल्या वाळूत ठेवावा आणि थंड, टणक झाल्यावरच टाकावा. होडीवरचा भराव चार-पाच तासांत घासण्याजोगा होतो, तरी मी रात्रभर हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी नख रोवून पाहावे. नखाची खूण उठली नाही की तयार.

घासणे

इथे सर्वाधिक होड्या बिघडतात, कारण उंच राहिलेला भराव कमी करताना शेजारचा मूळ जेलकोट नकळत घासला जातो. भरावाच्या दोन्ही बाजूंना पुन्हा टेप लावावी. पेपर नेहमी ठोकळ्याला गुंडाळावा. उघड्या बोटांनी घासले की बोटांच्या दाबाचे खळगे पडतात, जे घासताना दिसत नाहीत आणि चमक आल्यावर दिसतात. ठोकळाही लहान घ्यावा. मी खोडरबराएवढ्या लाकडी तुकड्यावर ३२० नंबरचा पेपर लावून फक्त उंचवट्यावरून फिरवतो आणि टेपवर ओरखडे उठू लागले की थांबतो, कारण याचा अर्थ आता टेपच्या जाडीएवढेच उंच राहिले आहे.

टेप काढून पुढची सगळी घासणी पाण्याने, साबणाचे दोन थेंब घातलेल्या बादलीत पेपर बुडवत करावी: ४००, ६००, ८००, १००० आणि शेवटी १५००. प्रत्येक नंबरची दिशा आधीच्या नंबरला आडवी ठेवावी. आडवे घासताना आधीच्या उभ्या रेघा दिसेनाशा झाल्या की पुढच्या नंबरवर जावे. रेघा कळत नसतील तर त्या जागेवर पेन्सिलीने जाळी काढावी. जाळी सगळीकडे सारखी पुसली गेली म्हणजे हात सारखा फिरला. मधला नंबर गाळून वेळ वाचत नाही. ४०० च्या रेघा कंपाउंडला निघत नाहीत आणि मग मशीन जास्त वेळ दाबून धरण्याची पाळी येते.

सगळे पुसून, वाळवून, डोळे बंद करून बोटांची टोके भरावावरून फिरवावीत. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना कळते. कुठे पन्हळ लागली तर आताच दुसरा पातळ हात भरावा.

तकाकी

फिकी पडलेली बाजू आणि भरलेली जागा यांचे काम इथून पुढे एकच आहे. फिक्या भागाला पेपर लावण्याची घाई करू नये. आधी दीड-दोन फुटांचा चौकोन नुसत्या कंपाउंडने करून पाहावा. चमक परत आली तर पूर्ण होडीला पेपरची गरज नाही. पूड फारच जाड असेल तर १००० पासून सुरुवात करावी, त्याहून खरखरीत पेपरला हात लावण्याआधी दोनदा विचार करावा.

मशीन वेग कमी-जास्त करता येणारे पॉलिशरच हवे. लोखंड कापण्याच्या ग्राइंडरला लोकरी पॅड लावून काम करणारे मी पाहिले आहेत. तो मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतो आणि काही सेकंदांत जेलकोट करपवतो. पॉलिशर १२०० ते १८०० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवावे. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट जागा घ्यावी, कंपाउंडचे चार-पाच ठिपके पृष्ठभागावरच द्यावेत, मशीन बंद असताना पॅडने ते पसरवावेत आणि मगच सुरू करावे, नाहीतर निम्मे कंपाउंड कपड्यांवर उडते. पॅड सपाट धरून, मशीनच्या वजनापेक्षा फारसा जास्त दाब न देता, सतत हलवत राहावे. कडा आणि कोपऱ्यांवर जेलकोट पातळ असतो. तिथे हातानेच पॉलिश करावे. मधूनमधून तळवा टेकवून पाहावा, हात टेकवत नसेल इतकी जागा तापली तर थांबावे. पॅडमध्ये वाळलेले कंपाउंड ब्रशने झाडत राहावे.

कंपाउंडमधले तेल ओरखडे तात्पुरते झाकते आणि पहिल्या धुण्यात ते पुन्हा उघडे पडतात. म्हणून एक भाग झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तिरक्या उजेडात पाहावे. त्यातून जे शिल्लक दिसेल तेच खरे. समाधान झाल्यावर बारीक पॉलिश फोमच्या पॅडने फिरवावे आणि शेवटी कार्नौबा वॅक्सचे दोन पातळ हात द्यावेत, पहिला वाळून पुसल्यावर दुसरा. वॅक्स जाड लावून काही फायदा नाही, पुसायला मात्र त्रास होतो. आमच्या उन्हात वॅक्स मोसमाच्या सुरुवातीला आणि जानेवारीच्या सुमारास असे दोनदा लावणे बरे. अंगावर पाण्याचे मणी धरेनासे झाले की वेळ आली समजावी.

डेकवरच्या खरखरीत, पाय न घसरण्यासाठी केलेल्या भागाला वॅक्स लावू नये. ओल्या पायांनी चढणारा पर्यटक तिथे घसरला तर हात मोडेल.

जिथे ही पद्धत चालत नाही

कोळी किड्याच्या जाळ्यासारख्या बारीक तड्यांचा गुच्छ बोल्टाभोवती किंवा बैठकीच्या कोपऱ्याशी दिसतो. त्यावर जेलकोट चोपडून उपयोग नाही. तो भाग वाकतो म्हणून तडे पडतात. आतून आधार वाढवल्याशिवाय भरले तर पुढच्या मोसमात ते त्याच जागी परत येतात. आधार दिल्यावर प्रत्येक तडा वर सांगितल्याप्रमाणे उघडून भरावा.

पाण्याच्या रेषेखाली चमक आणण्याचा खटाटोप करू नये. तिथे शिंपले धरू नयेत म्हणून वेगळा रंग असतो आणि त्याखालचा चरा एपॉक्सीने भरून त्यावर तोच रंग देणे योग्य, कारण सतत पाण्यात राहणाऱ्या जागेला एपॉक्सी पाणी अधिक चांगले अडवते. त्या भागावर फोड आले असतील आणि टोचल्यावर आंबट वासाचे पाणी निघत असेल, तर पाणी थरांमध्ये शिरले आहे आणि होडी बराच काळ वर ठेवून वाळवावी लागेल.

काम संपल्यावर रंग जुळवलेला, हार्डनर न घातलेला जेलकोट उरला असेल तर तो काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करावा, घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या जागी मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा आणि बाटलीवर तारीख लिहावी. पेस्टचे कोणते टिपूस किती घातले ते होडीच्या वहीत लिहून ठेवावे. बाटलीतला माल पुढच्या मेपर्यंत बहुधा टिकत नाही, पण वहीतले प्रमाण असले की पुढचा रंग दहा मिनिटांत जुळतो.